ऑटिझमची शंका आणि डॉक्टरांसमोरची दहा मिनिटं

"बाई, नंबर लागायला अडीच तास गेले आणि आत दहा मिनिटं पण नाही."

माझ्या बालवाडीतल्या एका मुलाची आई सांगत होती. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? ती म्हणाली, बोलत नाही. वय? अडीच वर्षं. ऐकू येतं का? येतं की. डॉक्टरांनी मुलाकडे बघितलं. नेमका तेव्हा तो टेबलावरचा पेपरवेट फिरवत गुमान बसला होता. काही मुलं उशिरा बोलतात, तीन महिन्यांनी दाखवा, असं ठरलं. दवाखान्यातून बाहेर पडून कोल्हापूरच्या बिंदू चौकापर्यंत चालत येईतो तिला एकेक आठवायला लागलं. नावानं हाक मारली तर वळत नाही, हे सांगायचंच राहिलं. मिक्सर लावला की कान दाबून मोरीत पळतो, तेही राहिलं. आणि दीड वर्षाचा असताना 'आज्जी', 'पापा' म्हणायचा, आता ते शब्दच गेलेत. खरं तर हेच सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

मी डॉक्टर नाही. पेठेत सव्वीस वर्षं बालवाडी चालवली आणि त्यातल्या काही आयांबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसले, एवढाच माझा अधिकार. त्यामुळे तुमच्या मुलाला ऑटिझम आहे का, हे या लेखातून कळणार नाही. डॉक्टरांपुढे काय घेऊन जायचं, ते कळेल.

शुगरसारखी ऑटिझमची रक्ततपासणी नसते. एमआरआय काढला म्हणून त्यात ऑटिझम दिसत नाही. निदान होतं ते दोन गोष्टींवर: मूल समोर कसं वागतं आणि घरचे काय सांगतात. डॉक्टर त्याला थोडा वेळ बघतात, तेही अनोळखी खोलीत, पांढऱ्या ट्यूबलाइटखाली. दिवसाचे बाकीचे तास तुमच्याकडे असतात. म्हणून तुम्ही जे सांगता ते या तपासणीचा अर्धा भाग आहे, आणि तो नीट झाला नाही तर उरलेला अर्धा भाग लंगडा पडतो.

ऑटिझम म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. हा मेंदूच्या वाढीतला जन्मापासूनचा वेगळेपणा आहे. डॉक्टर त्याच्या दोन बाजू तपासतात. पहिली बाजू लोकांशी देवाणघेवाण करण्याची. यात बोलणं येतंच, पण फक्त बोलणं नाही. रस्त्यानं केएमटीची बस गेली की दीड वर्षाचं पोर बोट दाखवतं आणि लगेच वळून आईच्या तोंडाकडे बघतं. 'बघितलंस का?' असं ते विचारत असतं. त्याला बस नको असते, तुम्हाला दाखवायची असते. हे दाखवणं आणि बिस्किटाच्या डब्यापाशी तुमचा हात धरून नेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट येते पण पहिली येत नाही, असं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. तुम्ही नुसतं "बोट दाखवतो" म्हणालात तर हा फरक हरवतो.

दुसरी बाजू तोचतोचपणाची आणि इंद्रियांची. गाडी चालवायची सोडून तिचं चाकच फिरवत बसणं. चपला ओळीत लावणं आणि कुणी एक हलवली तर रडून घर डोक्यावर घेणं. हात फडफडवणं, चवड्यावर चालणं, एकच वाक्य दिवसभर घोळवणं. कुकरची शिट्टी सोसत नाही, केस कापू देत नाही, पांढऱ्या भाताशिवाय काही खात नाही. यातलं एखादं बहुतेक सगळ्या मुलांत दिसतं. विसर्जन मिरवणुकीतल्या डॉल्बीला घाबरणारं पोर असेल तर ते शहाणं म्हणायचं! डॉक्टर एकेक लक्षण सुटं बघत नाहीत. दोन्ही बाजूंची लक्षणं आहेत का, लहानपणापासून आहेत का आणि त्यानं रोजचं जगणं अडतंय का, हे तिन्ही मिळून बघतात.

मराठीत याला 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द गोड आहे, पण त्यानं घोटाळाही होतो. आपल्यातच रमलेलं, कुणाची गरज नसलेलं मूल असं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. मग एखादी आजी म्हणते, "आमचं पोरगं तर मांडीवर येऊन बसतंय, गळ्यात पडतंय, ते कसलं स्वमग्न?" प्रेम करणारी, मिठी मारणारी ऑटिस्टिक मुलं पुष्कळ असतात. दवाखान्यात मी ऑटिझम हाच शब्द वापरते, म्हणजे गैरसमजाला जागा राहत नाही.

आता तयारीकडे वळू. एक वही घ्या आणि आठ-दहा दिवस त्यात घटना लिहा. फक्त घटना, विशेषणं नकोत. 'हट्टी आहे' हे विशेषण झालं. ते ऐकून डॉक्टर काय करणार? हट्टी तर माझी नातही आहे. त्याऐवजी असं लिहा: 'मंगळवारी महाद्वार रोडला गर्दी होती म्हणून दुसऱ्या गल्लीनं शाळेत नेला. गल्लीत वळल्याबरोबर रस्त्यावर आडवा पडला. उचललं तर चावला. वीस मिनिटं चाललं. मागं फिरून नेहमीच्या रस्त्यानं नेलं तेव्हा थांबला.' आधी काय झालं, त्यानं काय केलं, किती वेळ केलं, कशानं थांबलं, हे चारही त्यात आलं. अशा पाच-सहा घटनांनी जे कळतं ते पन्नास विशेषणांनी कळत नाही.

'बोलत नाही' याचंही तसंच. किती शब्द येतात ते मोजा आणि लिहा. ते शब्द तो मागण्यासाठी वापरतो की नुसते म्हणतो? टीव्हीवरची जाहिरात पाठ म्हणतो, पण तहान लागली तर पाणी मागत नाही, असं असेल तर दोन्ही लिहा. 'पाणी पाहिजे का तुला?' असं विचारल्यावर उत्तर न देता तोच प्रश्न परत म्हणत असेल, तर तेही. स्वतःला पाणी हवं असताना 'तुला पाणी पाहिजे' म्हणत असेल, म्हणजे मी आणि तू यांची अदलाबदल होत असेल, तर ती नोंद कामाची आहे. इथं एक कोल्हापुरी पाचर आहे. आपल्याकडे बायका-मुली सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, मी स्वतःही घरात तसंच बोलते. चार वर्षांची पोर 'मी खातो' म्हणाली तर ती आईचीच भाषा बोलतेय, त्यात दोष नाही. डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ दुसऱ्या भागातले असतील तर हे सांगून टाका. घरात कोणत्या भाषा आहेत तेही सांगा. आजोळी कानडी, घरी मराठी, शाळेत इंग्रजी, असं आपल्या जिल्ह्यात पुष्कळ घरांत असतं. दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं ऑटिझम होत नाही. पण मुलाला कोणत्या भाषेत कळतं हे माहीत नसेल तर तपासणी चुकीच्या भाषेत व्हायची.

वहीच्या शेवटच्या पानावर जुनी माहिती उतरवा. बाळंतपण किती आठवड्यांनी, वजन किती, जन्मल्यावर लगेच रडलं का, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, कावीळ किती होती, कधी झटके आले का. मान कधी धरली, कधी बसलं, कधी चाललं, पहिला शब्द कोणता आणि कधी. आठवत नसेल तर माता-बाल संरक्षण कार्ड शोधा, त्यात निम्मं सापडतं. फोनमधले वाढदिवसाचे जुने व्हिडिओ बघा. पहिल्या वाढदिवसाला हाक मारल्यावर ते वळून बघत होतं का, हे त्यात दिसतं. आलेले शब्द गेले असतील तर त्याखाली लाल रेघ मारा. आलेलं बोलणं किंवा माणसांत मिसळणं गेलं, तर कोणत्याही वयात वाट बघायची नसते.

लग्न नात्यातलं आहे का, असं डॉक्टर विचारतील. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे, त्यामुळे या प्रश्नानं काही घरांत मानापमान होतो. त्यात दोष काढायचा हेतू नसतो. काही आनुवंशिक आजार तपासायचे की नाही, हे त्यावरून ठरवता येतं. कुटुंबात कुणी उशिरा बोललं, कुणाला ऑटिझम, झटके किंवा शिकण्यात अडचण होती, तेही मोकळेपणानं सांगा. मोबाइल किती तास बघतो हेही विचारतील. तिथं अर्धा तास सांगून घरी चार तास, असं नको. जास्त स्क्रीनमुळे बोलणं मागं पडू शकतं आणि डॉक्टरांना तो धागा वेगळा काढायचा असतो.

सगळ्यात उपयोगी पडतो तो मोबाइलचा कॅमेरा. घरी जे होतं ते दवाखान्यात होईलच असं नाही. एकेक मिनिटाचे चार-पाच तुकडे पुरे. टीव्ही बंद करून, मागून, नेहमीच्या आवाजात नावानं हाक मारा आणि ते काय करतं ते घ्या. एकटं खेळताना घ्या, दुसऱ्या मुलांत असताना घ्या, जी गोष्ट परत परत करतं ती घ्या. चांगलं करतानाचाही एक असू द्या, कारण मुलाला काय येतं हेही बघायचं असतं. 'बेटा, डॉक्टरकाकांना ए बी सी डी म्हणून दाखव' असा कार्यक्रम नको. आणि हे व्हिडिओ घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. ते मुलाचे आहेत.

माझ्याकडूनही एकदा चूक झाली. बालवाडीत तीन वर्षांचा एक मुलगा होता. दुकानांच्या पाट्या घडाघडा वाचायचा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. मी कौतुकानं त्याला पुढे उभा करायचे. त्याच्या आईनं दोनदा विचारलं, "बाई, हा कुणात मिसळत नाही, दाखवू का कुठं?" मी म्हटलं, "इतका हुशार आहे, काय दाखवताय!" त्या पोरानं वर्षभरात मला एकदाही काही मागितलं नव्हतं. शू लागली तरी सांगायचा नाही. ते मला दिसत होतं, पण पाट्यांच्या कौतुकात मी तिकडे लक्ष दिलं नाही. पुढे सहाव्या वर्षी निदान झालं. तेव्हापासून शिक्षिकेचं मत विचारायला आलेल्या पालकांना मी मत देत नाही, वर्गात काय दिसलं ते लिहून देते. तुम्हीही बालवाडीतून किंवा अंगणवाडीतून असा कागद मागून घ्या.

घरातल्या मोठ्यांचं काय करायचं, हा प्रश्न वहीपेक्षा अवघड. "ह्येचा बा बी पाच वर्सानं बोलला, काय हुत न्हाई" हे वाक्य कोल्हापुरात घरोघर मिळेल. वाद घालू नका. उलट त्या आजीलाच बरोबर न्या. आईवडील कामाला जात असतील तर दिवसभर मुलाबरोबर तीच असते, तिला सगळ्यात जास्त माहीत असतं. एकत्र कुटुंबात एक गोष्ट लपून राहते. मुलानं तोंड उघडायच्या आत कुणीतरी पाण्याचा पेला पुढे करतं, त्यामुळे ते मागत नाही हे वर्षभर कुणाच्या ध्यानातच येत नाही. आजीला विचारा, "तुम्ही मुद्दाम दोन मिनिटं पाणी दिलं नाही तर काय करतो?" तिच्या उत्तरात डॉक्टरांना हवं ते सापडेल. आणि आई नोकरी करते म्हणून असं झालं, कुणी लाड केले म्हणून झालं, असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. वाढवण्यातल्या चुकीनं ऑटिझम होत नाही. लसीनंही होत नाही. गोवराच्या लसीचा त्याच्याशी संबंध जोडणारा १९९८ सालचा शोधनिबंध त्याच नियतकालिकानं २०१० साली मागे घेतला. राहिलेल्या लसी देऊन टाका.

कुणाकडे जायचं? सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे करायला हरकत नाही. पुढे ते मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ, बालमनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसतज्ज्ञ यांच्याकडे पाठवतील. सरकारी वाट हवी असेल तर सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून बालरोग विभागात विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. २०१३ पासून ही योजना आहे आणि मुलांच्या विकासातला उशीर शोधणं हे त्या पथकाचं कामच आहे. गगनबावडा, चंदगडसारख्या लांबच्या तालुक्यातून येणाऱ्यांनी आधी अंगणवाडीताईंना पथकाची तारीख विचारावी. वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसतज्ज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात लाजायचं काही नाही.

भेटीच्या दिवशी मुलाची झोप आणि पोट दोन्ही सांभाळून वेळ घ्या. तीन तास एसटीत बसून आलेलं, उपाशी, पेंगुळलेलं मूल कसंही वागेल. तसं झालंच तर डॉक्टरांना सांगा, "आज असा आहे, एरवी असा नसतो." आवडतं खेळणं बरोबर ठेवा. आत गेल्यावर पहिलं वाक्य तयार असू द्या. मी आयांना म्हणून घ्यायला लावते: "मुलाचं वय दोन वर्षं चार महिने. आम्हाला ऑटिझमची शंका आहे आणि त्याची तपासणी करून घ्यायची आहे. काय काय दिसतं ते लिहून आणलंय." ऑटिझम हा शब्द आपण कसा काढायचा, डॉक्टरांना राग येईल, असं पुष्कळांना वाटतं. शब्द काढा. तुम्ही निदान सांगत नाही, काळजी सांगताय. कागद पुढे ठेवा. पान एकच असावं. आख्खी वही कुणी वाचणार नाही. वहीतून निवडून मोठ्या अक्षरात उतरवून काढा, सगळ्यात काळजीची गोष्ट सगळ्यात वर.

"थांबून बघू" असं उत्तर आलं तर? कधीकधी ते बरोबरही असतं. पण थांबण्याला तारीख हवी. किती दिवस थांबू, तोवर घरी काय करू, आणि काय दिसलं तर त्याआधीच येऊ, हे तीन प्रश्न विचारून घ्या. वर्षाचं झालं तरी हाकेला वळत नाही, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, यांपैकी काही असेल तर नुसतं थांबण्यावर समाधान मानू नका. ऐकण्याची तपासणी आणि पुढच्या तज्ज्ञांची चिठ्ठी मागा. तरीही नकार आला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा काही पहिल्यांचा अपमान नाही.

ऐकण्याची तपासणी बहुधा आधी होते. मूल हाकेला वळत नाही ते ऐकू येत नाही म्हणूनही असू शकतं. टीव्हीच्या आवाजाला वळतं म्हणजे कान चांगले, असं घरच्या घरी ठरवू नका. काही आवाज ऐकू येतात, काही येत नाहीत, असंही असतं. बेरा नावाच्या तपासणीत मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवतात आणि कानात आवाज सोडून त्याची नोंद घेतात. दुखत नाही. त्यानंतर प्रश्नावल्या. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची यादी असते. ती चाळणी आहे, निदान नाही. चाळणीत अडकलेल्या प्रत्येक मुलाला ऑटिझम असतोच असं नाही. आयसा हे चाळीस मुद्द्यांचं मोजमाप आपल्या देशातच, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत, तयार झालंय. त्यात प्रत्येक मुद्द्याला एक ते पाच गुण देतात आणि बेरीज ७० च्या खाली आली तर ऑटिझम नाही असं धरतात. मूल काय करू शकतं याचीही वेगळी चाचणी होते. हे सगळं एका फेरीत उरकत नाही, दोन-तीन फेऱ्या धरून चाला.

वाट बघण्याच्या काळात वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणूनचा सराव) सुरू करता येते का, विचारा. निदानाच्या कागदासाठी त्या अडून राहत नाहीत. मात्र 'स्टेम सेलनं बरा करतो', 'सहा महिन्यांत ऑटिझम घालवतो' असं म्हणणाऱ्यांपासून पैसे आणि पोर दोन्ही लांब ठेवा. ऑटिझम घालवणारं औषध नाही. झोप, झटके, फार चिडचिड यांवर डॉक्टर औषध देऊ शकतात, ती गोष्ट निराळी. दिव्यांग प्रमाणपत्राचा विषयही पहिल्याच भेटीत काढू नका. २०१६ च्या कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे आणि बऱ्याच सवलतींना ४० टक्क्यांची अट आहे, पण ते काम निदानानंतरचं.

मोठ्या माणसांबद्दल दोन शब्द. मुलाची तपासणी करता करता "हे तर माझंच वर्णन" असं म्हणणारे आईबाप मी बघितलेत. मुलींमध्ये आणि बायकांमध्ये हे जास्त झाकलं जातं, कारण त्या चारचौघींचं बघून वागायला शिकतात. लग्नघरात हसून-बोलून सगळं करायचं आणि मग दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं, असं असेल तर मनोविकारतज्ज्ञांना दुसरा भाग सांगा. पहिला त्यांना दिसतोच. मोठ्यांच्या बाबतीत लहानपणचा पुरावा लागतो, म्हणून प्रगतिपुस्तकावरचे शेरे शोधा आणि आई हयात असेल तर तिला बसवून विचारा.

बाहेर पडल्यावर पहिलं काम: डॉक्टर काय म्हणाले ते लगेच बाकावर बसूनच लिहून काढा. घरी जाईतो निम्मं विसरतं आणि उरलेल्या निम्म्याचा प्रत्येक जण वेगळा अर्थ लावतो. मग तुमच्या त्या पानाच्या तीन झेरॉक्स काढा. पुढे कानाचे डॉक्टर, मानसतज्ज्ञ आणि थेरपिस्ट हेच सगळं पहिल्यापासून विचारणार आहेत, आणि तिसऱ्यांदा सांगताना 'आज्जी' हा शब्द कधी गेला ते सांगायचं पुन्हा राहतं.